आपल्या खाडीवर स्पेनच्या राजाचं राज्य होतं तेव्हा



इतिहासाच्या तासाला एक प्रश्न विचारला की वर्गातले जवळजवळ सगळे हात वर होतात. मुंबई इंग्रजांना कशी मिळाली? उत्तर तोंडपाठ असतं : पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण म्हणून. उत्तर बरोबरच आहे. पण मी लगेच पुढचा प्रश्न विचारते. पोर्तुगालच्या राजावर आपलं एवढं चांगलं बंदर लग्नात देऊन टाकायची वेळ का आली? मग सगळे हात हळूहळू खाली जातात.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पेनमध्ये आहे. आता तुम्ही म्हणाल, बाई, स्पेनचा आणि आपल्या गव्हाण-न्हावा-उरणचा काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला साठ वर्षांचा आहे. आज आपण तेच पाहणार आहोत. पण त्याआधी आपली खाडी नीट ओळखून घेऊ, कारण पुष्कळ पुस्तकं या खाडीची गोष्ट पोर्तुगीज जहाजांपासूनच सुरू करतात, आणि तिथेच गफलत होते.

पाणी एक, नावं अनेक

गव्हाणच्या उत्तरेला पनवेलची खाडी. पश्चिमेला न्हावा, त्याच्यापुढे पाण्यात घारापुरी, आणि त्याच्याही पलीकडे मुंबई. दक्षिणेकडे उरण-करंजा. उरण हे पूर्वी बेटच होतं, मधल्या खाडीने ते मुख्य जमिनीपासून वेगळं झालेलं होतं. वरून ठाण्याची खाडी येऊन याच पाण्याला मिळते. म्हणजे पनवेलची खाडी, ठाण्याची खाडी, मुंबईचं बंदर अशी नावं आपण वेगवेगळी घेतो खरी, पण ओहोटीला निघालेला मचवा या सगळ्यांतून एकाच पाण्यावरून जातो. या लेखात मी ‘आपली खाडी’ म्हणेन तेव्हा हे सगळं पाणी डोळ्यांसमोर आणा.

आज तिथे काय दिसतं ते तुम्हाला माहीतच आहे. १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर, २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू, विमानतळासाठी कापलेली उलव्याची टेकडी. पण आजोबांना विचारा. ते तुम्हाला खारजमिनीचे बांध सांगतील, भरतीचं पाणी अडवणारी आणि ओहोटीला शेतातलं पाणी सोडणारी उघाडी सांगतील, मिठागरं सांगतील. समुद्राशी रोज घासाघीस करून भात पिकवायची ही रीत फार जुनी आहे. राजे बदलले, पण बांध घालणारे आगरी, कोळी, कराडी हात तेच राहिले.

पोर्तुगीजांच्या आधी

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची मार्गदर्शिका लिहिली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. आपल्या किनाऱ्यावरची तीन बंदरं तिच्यात आहेत : सोपारा, कल्याण आणि चौल. कल्याणबद्दल तर तिच्यात एक तक्रारच आहे. चुकून तिथे पोचलेल्या ग्रीक जहाजांना पहारा बसवून भडोचला नेलं जातं, असं तो व्यापारी लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा या पाण्यात कोणाचं जहाज कुठे लागणार, यावरून राजांची भांडणं चालू होती. कल्याणला जायचं तर रस्ता खाडीचाच. घारापुरीच्या आसपास पाण्याखाली शोध घेतला तेव्हा रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत, ती काही उगाच नाहीत.

पुढे सहाव्या शतकाच्या सुमाराला घारापुरीची मोठी लेणी कोरली गेली. तीन मुखांचा तो शिव तुम्ही सहलीला पाहिला असेलच. त्यानंतर ६३४ सालचा एक पुरावा आहे, आणि तोही कुठे, तर थेट कर्नाटकात ऐहोळे इथल्या देवळाच्या भिंतीवर. चालुक्य राजा पुलकेशी दुसरा याचे पराक्रम सांगणारा तो शिलालेख रविकीर्ती या कवीने रचला. पुलकेशीने कोकणच्या मौर्यांना हरवलं आणि पश्चिम समुद्राची जणू लक्ष्मीच असलेली पुरी नगरी शेकडो नौकांनी घेरली, अशा अर्थाचं वर्णन त्यात येतं. ही पुरी म्हणजेच घारापुरी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे; काही जण राजपुरी म्हणतात. मला घारापुरीकडे झुकावंसं वाटतं. का, ते पुढे एक डच माणूस सांगेल, थोडं थांबा.

त्यानंतर आले शिलाहार. त्यांची सत्ता ठाण्याहून चालायची आणि ती साडेचारशे वर्षं टिकली. उरणजवळच्या चाणजे गावात त्यांचे शिलालेख सापडले. त्यातला एक शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्या काळातला, शक ११८२ म्हणजे इसवी सन १२६० चा आहे. त्यात लिहिलंय काय, तर उरणमधल्या एका बागेचं ठरलेलं उत्पन्न, १६२ द्रम्म, ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिलं. बस्स, एवढंच. पण जरा विचार करा. साडेसातशे वर्षांपूर्वी उरणला उरणच म्हणत होते. तिथल्या बागेचा हिशेब ठेवला जात होता, आणि त्याचे पैसे खाडी ओलांडून ठाण्याला जात होते. माझ्या मते हा साधा हिशेब मोठमोठ्या लढायांपेक्षा जास्त बोलतो.

लढाईही झालीच. पाचच वर्षांनी, १२६५ मध्ये, देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वराचा पराभव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. बोरिवलीजवळच्या एकसर गावात काही वीरगळ आहेत. त्यांवर वल्ही मारणाऱ्या नौकांची लढाई कोरलेली आहे. ती हीच लढाई असावी असं काही अभ्यासक मानतात. जमलं तर बघून या, रस्त्यापासून फार लांब नाहीत.

यादवांनंतर मुंबईची बेटं गुजरातच्या सुलतानाकडे गेली आणि पनवेलकडचा मुलूख पुढे अहमदनगरच्या निजामशाहीत आला.

पोर्तुगीज आले

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. त्याच्यामागे मुघल बादशहा हुमायून लागलेला होता, त्याला मदत हवी होती. (पुढे आंदणाची गोष्ट येईल तेव्हा हे आठवा. संकटात सापडलेला राजा आपलं बंदर देतो, हे या खाडीत दोनदा घडलं.) मुंबईची बेटं, साष्टी, घारापुरी, करंजा हे सगळं पोर्तुगीजांकडे आलं. आपल्या बाजूची मुख्य जमीन मात्र निजामशाहीतच राहिली. म्हणजे दोन राज्यांची सीमा कुठे होती म्हणता? आपल्या दारातल्या पाण्यात. न्हाव्याच्या किनाऱ्यावरून पलीकडे बघणाऱ्या माणसाला समोरचं घारापुरी परदेश होतं.

पोर्तुगीजांनी गावं वर्षाच्या खंडाने आपल्या सरदारांना वाटली. करंजा बेटावर गढी-कोट झाले, द्रोणागिरीच्या डोंगरावर चर्च बांधलं. समुद्रात जाणाऱ्या जहाजाला त्यांचा परवाना लागे, त्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नाही, तर जहाज जप्त.

खुद्द मुंबई बेट खंडाने घेतलं होतं गार्सिया द ओर्ता नावाच्या एका डॉक्टरने. हा माणूस लक्षात ठेवा. त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, आणि घारापुरीच्या लेण्यांबद्दलही त्यात लिहिलेलं आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बों बाईया’ म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आलं, असं पुष्कळदा सांगतात. पण पोर्तुगीज भाषेत ‘बाईया’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे ‘बोआ बाईया’ असं व्हायला हवं होतं. आपण ‘चांगला खाडी’ म्हणू का? मुंबादेवीची मुंबई हेच सरळ उत्तर आहे.

आणि राजा बदलला

आता मुख्य मुद्दा. ४ ऑगस्ट १५७८ रोजी पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोतल्या लढाईत मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हातारे चुलत आजोबा गादीवर बसले, ते धर्मगुरू होते, तेही १५८० च्या जानेवारीत वारले. मग गादीवर हक्क सांगत पुढे आला नात्यातला सर्वात बलाढ्य माणूस, स्पेनचा राजा फिलिप दुसरा. त्याने सैन्य पाठवलं, आणि १५८१ मध्ये पोर्तुगालच्या सभेने त्याला राजा मानलं. त्याच वर्षी गोव्यातही त्याचं राज्य मान्य झालं आणि त्याने नेमलेला व्हाइसरॉय येऊन दाखल झाला. अशा रीतीने वसई, मुंबई, घारापुरी, करंजा इथला राजा झाला स्पेनचा राजा. एकामागून एक तीन फिलिप झाले, १६४० पर्यंत.

हा फिलिप किती मोठा होता ते बघा. फिलिपिन्स या देशाला नावच त्याचं आहे. १५७१ मध्ये त्याच्या माणसांनी मनिलाच्या उपसागरात आपलं ठाणं वसवलं. तिथेही आपल्यासारखंच होतं : राजा सुलेमानचं गाव, चीनशी व्यापार, होड्यांची वर्दळ, सगळं आधीपासून चालू होतं. मेक्सिको त्याचं, पेरू त्याचं. आपण बाजारात पेरू मागतो, त्या फळाचं नाव या देशावरूनच आलं असं मानतात. ते फळ, पपई, मिरची, तंबाखू, अननस, काजू हे सगळं मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांच्या त्या शतकात ते इकडे पोचलं. रोजच्या बोलण्यातले पगार, चावी, बादली, पाव, लिलाव, घमेलं, पाद्री, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांचे. स्पॅनिश शब्द मात्र असे सापडत नाहीत. का बरं?

कारण फिलिपने पोर्तुगालला एक वचन दिलं होतं. पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीज माणसंच बघतील, आणि त्यांच्या समुद्रापलीकडच्या मुलखातही तेच अधिकारी राहतील. त्यामुळे करंजाच्या गढीवर स्पॅनिश शिपाई कधी उभा राहिला नाही. खंड घेणारे तेच, परवाना मागणारे तेच. बांधावरच्या शेतकऱ्याला राजा बदलल्याचं कळलंही नसेल.

मग फरक काय पडला? फरक पडला शत्रूंमध्ये.

फिलिपविरुद्ध नेदरलँड्समध्ये, म्हणजे डचांच्या देशात, बंड चालू होतं. इंग्लंडशीही त्याचं युद्ध जुंपलं. तोपर्यंत डच व्यापारी लिस्बनला जाऊन मसाले विकत घ्यायचे आणि युरोपभर विकायचे. पोर्तुगालशी त्यांचं भांडण नव्हतं. पण आता लिस्बनही फिलिपचं झालं, आणि त्याने आपल्या शत्रूंना तिथली दारं बंद केली. डचांनी विचार केला, लिस्बनला मसाला मिळत नाही ना, मग आपणच पूर्वेला जाऊ.

रस्ता कोणी दाखवला? यान हाउखेन फान लिन्सखोतेन नावाच्या एका डच तरुणाने. हा १५८३ ते १५८८ गोव्याच्या आर्चबिशपकडे चाकरीला होता. पोर्तुगीजांनी गुप्त ठेवलेले समुद्रमार्ग, वारे, बंदरं त्याने टिपून घेतली, आणि १५९६ मध्ये पुस्तक छापून सगळं उघड केलं. त्याच पुस्तकात आपल्या खाडीतल्या बेटाचाही उल्लेख आहे. पोर्तुगीज त्याला हत्तीचं देऊळ म्हणतात, पण बेटाचं नाव ‘पोरी’ आहे, असं तो लिहितो. पोरी म्हणजे पुरी! ऐहोळेच्या लेखानंतर साडेनऊशे वर्षांनीसुद्धा इथली माणसं बेटाला पुरीच म्हणत होती. मघाशी थांबा म्हटलं ते यासाठी.

१६०० मध्ये इंग्रजांची आणि १६०२ मध्ये डचांची कंपनी निघाली. १६१३ मध्ये इंग्रज सुरतेला बसले. आणि १६२६ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज आणि डच यांचं एकत्र आरमार आपल्या खाडीत शिरलं. मुंबई बेटावर उतरून त्यांनी लूट केली आणि घरं जाळली. त्यात बेटावरचा मोठा वाडाही जळाला. म्हणजे भांडण माद्रिदच्या राजाचं आणि आग लागली मुंबईच्या किनाऱ्याला. त्या रात्री घारापुरीवरून, न्हाव्याच्या टेकडीवरून तो जाळ दिसला असणार.

याच साठ वर्षांतल्या आणखी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ज्याने मुंबई खंडाने घेतली होती तो गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. नावाला ख्रिस्ती झाला पण मनाने ज्यूच राहिला, असा आरोप त्याच्यावर मेल्यानंतर ठेवला गेला. १५८० मध्ये गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याची हाडं उकरून काढून जाळली. या न्यायालयाची दहशत काय असेल, याचा अंदाज यावरून करा.

दुसरी गोष्ट दियोगो दो कोतो या इतिहासकाराची. १५९५ मध्ये फिलिपनेच त्याला पोर्तुगीज हिंदुस्थानचा अधिकृत इतिहासकार आणि गोव्याच्या दप्तरखान्याचा रक्षक नेमलं. आपल्या शिपायांनी घारापुरीच्या मूर्तींची कशी मोडतोड केली, हे तो स्वतः लिहून ठेवतो. सरकारी इतिहासकाराने सरकारी माणसांची चूक लिहिली, हे मला विशेष वाटतं. सगळी पडझड त्यांचीच, असं आजचे अभ्यासक म्हणत नाहीत. पाण्याने आणि काळानेही पुष्कळ झालं. कोतो आणखी एक सांगतो. लेण्याच्या दारावर एक कोरीव शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालला राजाकडे पाठवला. राजाने तो वाचणारं कोणी मिळतंय का ते शोधलं. कोणी मिळालं नाही.

आंदणाचं खरं कारण

१ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये उठाव झाला आणि पोर्तुगालने आपला वेगळा राजा केला. ही बातमी गोव्याला पोचायला पुढच्या वर्षीचा सप्टेंबर उजाडला. म्हणजे नऊ महिने आपल्या खाडीतले अधिकारी अशा राजाच्या नावाने कारभार करत होते ज्याचं राज्य कधीच संपलं होतं!

स्पेनने मात्र पोर्तुगालचं स्वातंत्र्य मानलं नाही. लढाई २८ वर्षं चालली. छोट्या पोर्तुगालला कोणीतरी भक्कम पाठीराखा हवा होता, तो म्हणजे इंग्लंड. म्हणून १६६१ च्या तहात राजकन्या कॅथरिनचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं. आंदणात मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर आणि वीस लाख क्रुझादो. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणाला सैनिक द्यायचे. आलं लक्षात? मुंबई दिली गेली ती स्पेनपासून सुटका करून घेण्यासाठी.

गोव्याच्या व्हाइसरॉयला हे मुळीच पटलं नव्हतं. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेलाच, अशा आशयाचं पत्र त्याने राजाला लिहिलं. ताबा द्यायला त्याने इतका वेळ लावला की वाट बघत अंजदीव बेटावर राहिलेले बहुतेक इंग्रज सैनिक रोगराईने मेले. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबई इंग्रजांना मिळाली. तीन वर्षांनी त्यांच्या राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली.

पण मुंबई म्हणजे नक्की किती, यावर वाद झाला. इंग्रज म्हणाले, साष्टी, ठाणे, करंजा सगळं त्यात आलं. पोर्तुगीज म्हणाले, फक्त मुंबई बेट. साष्टी, घारापुरी, करंजा त्यांनी सोडलं नाही, आणि मुंबईकडे धान्य घेऊन जाणाऱ्या होड्यांवर ठाण्याला आणि करंजाला जकात बसवली. मुंबईला अन्न आपल्या बाजूने जायचं ना! त्या जकातीवरून इंग्रजांची तणतण वर्षानुवर्षं चालली.

तोवर आपल्या बाजूला तिसरा खेळाडू आलेला होता. १६३६ मध्ये निजामशाही संपून कल्याणकडचा मुलूख आदिलशाहीत गेला, आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. लगेच खाडीत आरमार बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर रुई लेइताव व्हिएगास हा पोर्तुगीज जहाजबांधणीतला जाणकारही होता. वसईच्या अधिकाऱ्यांना धोका कळला, तेव्हा त्याला तिथून काढून नेलं गेलं. पण काम थांबलं नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. करंजा आणि घारापुरीही मराठ्यांकडे आली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतलं आणि पाठोपाठ ही बेटंही उचलली. पनवेलचा मुलूख पेशवाई संपेपर्यंत मराठ्यांचाच होता.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो राजबंदराजवळ उभा होता. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला. पुढे १९१४ मध्ये तुकडे जोडून तो उभा केला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरलात, तर तिथून जवळच आहे. जाताना उजव्या-डाव्या हाताला काय काय दिसतं ते वहीत लिहा, आणि आल्यावर आज सांगितलेली नावं त्या चित्रावर टाका.

लेण्याच्या दारावरची ती शिळा मात्र पोर्तुगालमध्ये हरवली, आणि लेणी कोणी कोरली हे सांगू शकणारा कोरीव शब्द तिच्याबरोबरच गेला. ती अजून सापडलेली नाही.